पाशामियाँचं शेवटचं रेकॉर्डिंग

नांदेडात भोंग्याच्या रिक्षांसाठी ऐलान भरून देण्याचं काम पाशामियाँनी चाळीस वर्षं केलं. भोकर-उमरीच्या बाजारात सेल लागो की कुणाची मय्यत होवो, आवाज त्यांचाच. धंद्याचा नियम एकच, पण कडक: तारीख उलटली की रेकॉर्डिंग पुसायचं. चुकून जुनं लागलं तर पुरलेल्या माणसाची मय्यत पुन्हा निघायची! मुलगा जुबेर हा नियम इतक्या इमानदारीनं पाळायचा की बाप जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते, तोच त्यानं बापाचं उरलंसुरलं सगळं पुसून टाकलं. हाताला सवयच तशी. ध्यानात आलं तेव्हा तो दुकानाचं शटर ओढून रडला. आईला, चांदबीला, त्यानं हे सांगितलं नाही.

उरली होती बापाची एक मुलाखत. एका वेब रेडिओवाल्यांनी याच दुकानात, जुबेरलाच रेकॉर्डिंगला बसवून घेतलेली. ती त्यांच्या साइटवर नुसती ऐकता यायची, उतरवून घेता यायची नाही, आणि साइट आज संध्याकाळी पाचला कायमची बंद होणार होती.

जुबेरनं दुकानातल्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू केलं, हेडफोन लावले आणि अर्धा तास डोळे मिटून बापाला ऐकलं. मग फाइल लावून पाहिली. नुसता पंखा घरघरत होता, बापाचा पत्ता नव्हता. मधूनच कुणीतरी म्हणालं, "हाव अब्बा."

त्यानं पुन्हा लावून ऐकलं. आवाज जुबेरचाच होता, पण आपण बोललो हे त्याला आठवत नव्हतं. थोड्या थोड्या वेळानं तेच. रिकाम्या दुकानात तो कुणाला तरी उत्तरं देत होता.

शहाण्यानं आवाज कुठून घ्यायचा ते पाहिलंच नव्हतं. कॉम्प्युटरमधल्या लिनक्सनं साइटच्या आवाजाऐवजी मुकाट्यानं दुकानातला माइक धरला होता. पाचला दहा मिनिटं उरली. सेटिंगमधला रेकॉर्डिंगचा रकाना कोरा दिसत होता. रेकॉर्डिंग चालू असल्याशिवाय तो भरतच नाही, हे कळेपर्यंत आणखी सहा मिनिटं गेली. त्यानं रेकॉर्डिंग पुन्हा चालू केलं, माइक काढून तिथं हेडफोनचा 'मॉनिटर' निवडला, म्हणजे कानात जाईल तेच फाइलीत जाईल. मुलाखतीचं शेपूट लावलं. आवाजाची हिरवी पट्टी हलली.

"तारीख गेली की पुसायचं," पाशामियाँ सांगत होते. "ठेवलं की माणूस उगंच फिरत राहतो." मग हसले. "जुबेर, बंद कर बेटा. झालं."

पाचला साइट गेली.

त्यानं दोन्ही रेकॉर्डिंग एकाखाली एक ठेवली, सरकवून जुळवली, हेडफोन काढले आणि स्पीकरवर लावली.

"जुबेर, बंद कर बेटा. झालं."

"हाव अब्बा."

मागच्या दारात चांदबी उभी होती. नवऱ्याचा आवाज ऐकून तिनं डोक्यावरचा पदर सावरला होता. तिनं नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं, मग पुढं येऊन जुबेरचा हात कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवला.

"हे तरी पुसू नको," ती म्हणाली. "तुझा हात लई चालतो."