विहिरीतला पारा

बुध्याकाका विहिरी खोदायचा. पोशेऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवर ज्या विहिरी आहेत, त्यातल्या निम्म्यांना तरी त्याची पहार लागलेली आहे. साठीकडे झुकलेला, कमरेत जरा वाकलेला, बोलायला लागला की समोरच्याची टर उडवणारा माणूस. स्वतःच्या नावावर एक गुंठा जमीन नाही. मी एकदा त्याला तसं म्हणाले तर म्हणाला, "वरची जमीन मालकाची. आतली माझी. मालक कवा आत उतरला?"

आतली जमीन त्याला खरंच पाठ होती. वर मुरूम, मग काळा कातळ, मग गेरू, पुन्हा कातळ. कुठल्या डोंगराला किती हातांवर गेरू लागतो हे तो पहारीच्या आवाजावरून सांगायचा. आम्ही भूशास्त्राची माणसं तेच सांगायला दगड कुटून त्याची पूड प्रयोगशाळेत पाठवतो आणि सहा महिने वाट बघतो.

मी तिथे गेले माझ्या प्रबंधासाठी. जव्हार-मोखाड्याचे डोंगर म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. दोन उद्रेकांच्या मधे कधी कधी हजारो वर्षं शांततेची गेली. तेवढ्यात डबकी साचली, त्यांत गाळ बसला, गोगलगायी जगल्या आणि मेल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने सगळं झाकून टाकलं. अशा गाळातले शंख तपासायचे, गाळाची रसायनं तपासायची आणि एक काळ कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, ती सीमा ठरवायची. त्यात पाऱ्याला फार महत्त्व. मोठा ज्वालामुखी पेटला की हवेत पारा सुटतो आणि तो गाळात येऊन बसतो. गाळात पारा एकदम वाढलेला दिसला आणि त्याच पातळीवर शंखांच्या जाती बदलल्या, तर सीमा तिथे आहे असं म्हणायला आधार मिळतो. डायनोसॉर ज्या काळाच्या शेवटी संपले, तो शेवट मला या डोंगरात शोधायचा होता. माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते की इथे काही मिळायचं नाही. मी हट्टाला पेटले होते.

बुध्याकाका तेव्हा एका पाड्यावर विहीर खोदत होता. तीस फुटांवर त्याला दोन कातळांच्या मधे दीड हात जाडीचा राखाडी गाळ लागला आणि त्यात बारीक शंख दिसले. ही बातमी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी जव्हारला होते. मिळेल ती जीप धरून गेले आणि विहिरीच्या काठावरून खाली बघितलं मात्र, तोंडचं पाणी पळालं. खाली उतरायचं म्हणजे यारीच्या दोराला बांधलेल्या घमेल्यात पाय ठेवायचा. मी उतरले नाही. हे मी प्रबंधात कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी वरून सांगत गेले आणि बुध्याकाका खाली छिन्नीने नमुने काढत गेला. बारा पिशव्या, खालून वर, प्रत्येकीवर आकडा. काम झाल्यावर त्याची बायको पुतळी हिने कोरा चहा दिला. काका म्हणाला, "बाय, येवढ्या मातीचा करतेस काय?" मी अंगणातल्या धुळीत बोटाने रेघ ओढली. म्हटलं, इथपर्यंत जुना काळ, इथून पुढे नवा. ही रेघ मला शोधायची आहे.

"त्यात शोधायचा काय?" काका म्हणाला. "थर बदलला का घर बदलला."

पुतळी हसली. मीही हसले आणि वहीत ते वाक्य लिहून घेतलं, प्रस्तावनेत शोभून दिसेल म्हणून. त्याचा अर्थ विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

निकाल आले आणि मला आभाळ ठेंगणं झालं. गाळ जिथे सुरू होतो तिथे पारा, आणि जिथे संपतो तिथे पुन्हा पारा, पुस्तकात छापावा असा आलेख. मी काकाला फोन करून सांगितलं की रेघ सापडली. परिषदेत निबंध वाचला. टाळ्या पडल्या. मग एका म्हाताऱ्या संशोधकाने शांतपणे विचारलं, "पाऱ्याबरोबर शिसंही इतकं कसं काय वाढलं?"

ज्वालामुखीच्या पाऱ्याबरोबर इतकं शिसं येत नाही. ते आलं कुठून हे शोधायला मी पुन्हा पोशेऱ्याला गेले. काकाला काहीही लपवायचं नव्हतं. तो सरळ म्हणाला, "शेंदूर लावला ना."

त्याची रीत अशी होती: पहार लावण्याआधी धरतरीला विचारायचं, दगडाला शेंदूर लावायचा, चार तांदूळ ठेवायचे. आणि आत खणताना थर बदलला की पुन्हा विचारायचं, कारण तिथून दुसऱ्याचं घर सुरू होतं. माझ्यासाठी नमुने काढतानाही त्याने प्रत्येक थराच्या उंबऱ्यावर बोटभर शेंदूर लावला होता, आणि जिथे परवानगी मागितली नेमका तिथलाच तुकडा काढून पिशवीत भरला होता. जव्हारच्या बाजारातून आणलेली शेंदराची पुडी त्याने मला दाखवली. मी ती तपासून घेतली. शिसं होतं, पाराही होता. माझ्या आलेखातली दोन्ही टोकं बुध्याकाकाच्या बोटाची होती.

मी चिडले. चिडले म्हणजे काय, तोंडाला येईल ते बोलले. "तुझ्या शेंदरापायी माझी तीन वर्षं मातीत गेली," असं मी त्याच्या बायकोदेखत म्हणाले. विहिरीत उतरण्याची भीती माझी, वरचा पापुद्रा खरवडून काढायला न सांगण्याची चूक माझी, आणि मी ओरडले त्याच्यावर. पुन्हा नमुने घ्यायचे म्हटलं तर विहीर तोवर सिमेंटने बांधून झाली होती.

दोन महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "बाय, थर गावला."

डोंगर तोच, तर गाळही पलीकडच्या उतरणीला त्याच उंचीवर असणार, असा हिशेब त्याने मनाशी केला होता. कुणी सांगितलं नसताना, एकट्याने, रोजचं काम संपवून तो तिथे खणत होता. नऊ फुटांवर त्याला तोच राखाडी गाळ आणि तेच शंख लागले. या वेळी मी खड्ड्यात उतरले. वरचा पापुद्रा खरवडला आणि स्वतःच्या हाताने नमुने घेतले. काका काठावर बसून होता. म्हणाला, "या बारीला कोणाला इचारला नाय. कोरा आहे आखा."

मी म्हणाले, "छान केलंस." हेच शब्द. मला तेव्हा फक्त पिशव्या दिसत होत्या.

श्रावणात पुतळी गेली. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी तिला डोलीत घालून सडकेपर्यंत आणेतो संपलं. मला हे पंधरा दिवसांनी कळलं. मी भेटायला गेले नाही. कामं होती, असं मी स्वतःला सांगितलं. काकाने खोदकाम सोडलं हेही ऐकलं.

दिवाळीच्या सुमाराला निकाल आले. पारा खालून वरपर्यंत सारखा, नगण्य. शंखसुद्धा खाली जे, तेच वर. एकही जात बदलली नव्हती. त्या गाळात कुठलीच सीमा नव्हती, आधीही नव्हती. शेंदूर लावला नसता तरी मला काही मिळालं नसतं. सर म्हणाले, पाराबिरा जरा वाढवून दाखवणारे लोक असतात, तू त्यातली नाहीस हे बरं. मी प्रबंधात लिहिलं: थरांच्या या छेदात कालसीमा निश्चित करता येत नाही.

मग मात्र मी गेले. काका ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली, पहार कुणाला तरी देऊन टाकलेली. मी पुतळीचं बोलायला लागले, तर त्याने हाताने थांबवलं.

"मीच नेली तिला," तो म्हणाला. "इचारल्याबिगर दुसऱ्याच्या घरात घुसलो. धरतरी भरपाई घेतेच."

मी सांगायला लागले की ताप होता, रोगाचा ताप, दवाखाना लांब, रस्ता नाही, तुझा काही संबंध नाही. तो ऐकत होता, पण लहान मुलाचं ऐकावं तसं. माझं बोलणं संपल्यावर त्याने विचारलं, "बाय, रेघ गावली का?"

पिशवीत माझा प्रबंध होता. त्याला वाचता येत नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गावली, काका."

"पक्की?"

"पक्की."

त्याने बराच वेळ मान हलवली. "मग ठीक," तो म्हणाला. "मना वाटला, ती फुकटच गेली."

"नाही काका, फुकट नाही गेली," मी म्हणाले. चारच्या एसटीची वेळ झाली तशी मी सडकेकडे निघाले.