दोन डोकी एकदम दिसतील एवढा मॉनिटर

पनवेलमध्ये बॅनर करून पोट भरणारी माणसं पुष्कळ आहेत, पण आपल्या बॅनरनं एका माणसाला जेट्टीवरून आल्या पावली परत समुद्रात पाठवलं असा मी एकटाच. हे मी अभिमानानं सांगत नाही. म्हणजे, फारसं नाही.

माझं दुकान बाजाराच्या मागच्या बोळात आहे. ते इतकं अरुंद आहे की जाड गिऱ्हाईक आत आलं की मी श्वास बाहेर सोडून बसतो आणि ते गेलं की परत घेतो. त्यात एक टेबल, एक पंखा, एक लोखंडी कपाट आणि बारा वर्षं माझ्या नशिबी असलेला पंधरा इंची मॉनिटर. एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून मी तो उचलून आणला होता. त्याचा खालचा चार बोटांचा पट्टा कायमचा काळा होता, आणि पिवळा रंग त्याला मुळातच मान्य नव्हता. हळदीचा पिवळा भरला की तो कोथिंबिरीच्या चटणीसारखा हिरवागार दाखवायचा. मी मनातल्या मनात त्याचा पिवळा करून घ्यायचो. पुढंपुढं अशी सवय लागली की सिग्नल हिरवा झाला की मला वाटायचं, कुणाची तरी हळद आहे.

आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी आणि हळदीपेक्षा तिचा बॅनर मोठा. गावाच्या तोंडाशी, बांबूंना बांधलेला, दहा फूट रुंद आणि वीस फूट उंच. वर देवी, तिच्या खाली काळा चष्मा लावलेला नवरदेव, आणि त्याच्या खाली सगळ्या नातेवाइकांची डोकी. धड नाही, नुसती डोकी. कुणाचं डोकं कुठल्या ओळीत आणि केवढं, यावर घराघरांतली शांतता टिकून असते. मी एका बॅनरवर एकशे चाळीस डोकी बसवलेली आहेत. एकशे एकेचाळिसावं आयत्या वेळी आलं तेव्हा नवरदेवाचा डावा खांदा कापून तिथं बसवलं. त्या नवरदेवाला आता दोन मुलं आहेत, पण खांद्याचं अजून कळलेलं नाही.

तर, माझ्या हातून घडलेला गुन्हा. मोरा बंदराच्या कोळीवाड्यातली एक मावशी सुकी मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात बसते. तिच्या थोरल्या मुलाच्या हळदीचा बॅनर मी केला होता. त्यावर नवऱ्याचे काका आणि मामा, दोन मानाची डोकी. पंधरा इंचांच्या पडद्यावर एवढा बॅनर करायचा म्हणजे दाराच्या फटीतून वरात बघण्यासारखं. घोडा दिसतो तेव्हा नवरा दिसत नाही. मी आधी काकांचं डोकं मोठं करून, नीट कापून बसवलं. मग पडदा सरकवला आणि मामांचं बसवलं. दोघं एकाच वेळी मला कधी दिसलेच नाहीत. त्यांना एकत्र पहिल्यांदा बघितलं ते सगळ्या कोळीवाड्यानं, जेट्टीच्या रस्त्यावर. काकांचं डोकं भोपळ्याएवढं आणि त्याच्या शेजारी मामांचं लिंबाएवढं.

मामा पलीकडच्या कोळीवाड्यात, मुंबईच्या बाजूला राहतात. ते लाँचनं मोऱ्याला आले, जेट्टीवर उतरले, चार पावलं चालले, बॅनरकडे बघितलं, आणि त्याच लाँचमध्ये परत जाऊन बसले. भाच्याच्या पाठीमागं अंतरपाटाच्या वेळी मामाच्या जागी शेजारचा माणूस उभा राहिला. त्यानंतर तीन वर्षं त्यांनी बहिणीच्या घरात पाऊल टाकलं नाही.

आणि एके दिवशी तीच मावशी डोक्यावरची टोपली उतरवून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली.

"दादा, धाकट्याची हलद हाय. बॅनर तुमीच करायचा."

"मावशी, एवढं झाल्यावर परत मीच?"

"ज्यानं भांडान लावला त्यानंच तो सोडवायचा. भावानं सांगून धाडलाय, आदी बॅनर बघीन, मंग घरी येईन. त्याचा आनि माज्या दिराचा डोका सारका पायजे. जरा बी कमीजास्ती नाय." मग तिनं माझ्या मॉनिटरकडे अशी नजर टाकली, जशी ती वास मारणाऱ्या सुकटीकडे टाकते. "पन ह्या टीवीवर नाय. ह्याच्यात मानूस अर्धाच दिसतो. दोगं मला एकदम दिसाय पायजेत. चार दिसांनी येते."

घरी गेलो आणि जाहीर केलं की मी नवीन मॉनिटर घेतोय. बायको म्हणाली, "अहो, आधी एका कागदावर लिहा, त्याच्यावर नक्की काय बघायचंय. मग दुकानात जा." हा इतका साधा सल्ला होता की मी तो ताबडतोब बाजूला ठेवला आणि रोडपालीला मेहुण्याकडे गेलो.

मेहुणा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याच्या खोलीत खुर्चीलाही दिवे आहेत. तो घरी बसून मोबाईलवर बोलत बोलत पडद्यावरच्या लढाया जिंकतो, त्यामुळे त्याचा शब्द आमच्या घरात शेवटचा असतो. बायकोही सोबत आली होती, माझ्यावर लक्ष ठेवायला. तिघं मिळून दुकानात गेलो.

"भावजी, इंच विसरा," मेहुणा म्हणाला. "हर्ट्झ बघा. एकशे चव्वेचाळीसच्या खाली घेऊच नका."

"त्यानं काय होतं?"

"पडद्यावर कितीही वेगानं काही पळू दे, लोण्यासारखं दिसतं."

"बॅनरवरची डोकी पळतात का रे?" बायकोनं विचारलं.

मेहुण्यानं तिच्याकडे दुर्लक्ष केलं. दुकानदारानं एक चकचकीत काचेचा मॉनिटर लावून दाखवला. रंग इतके खरे की त्यातला आंबा बघून मेहुण्यानं रुमाल काढला. पण माझ्या दुकानाच्या समोर मिसळवाला आहे. या काचेत दिवसभर त्याची तर्री दिसली असती आणि मी नवरदेवाच्या कपाळावर कांदा समजून हात फिरवत बसलो असतो. तो बाद. मग एक मजबूत, साधा, चोवीस इंची दाखवला. त्याचा स्टँड वरखाली होत होता आणि अख्खा पडदा गोल फिरून उभा राहत होता. पिवळा रंग पिवळा दाखवत होता. दुकानदार म्हणाला, "हा पत्र्याच्या कपाटासारखा आहे, दिसायला काही नाही, पण कामाला येईल." बायको म्हणाली, "हाच." झालं, दोघांचं एकमत झालेलं पाहून माझा त्यावरचा विश्वास उडाला.

कारण तेवढ्यात मेहुण्यानं मला कोपऱ्यात नेलं. तिथं तो होता. चौतीस इंची, वळणदार, दोन्ही बाजूंनी आपल्याला मिठीत घ्यायला आल्यासारखा. त्याच्यासमोर उभं राहिल्यावर मला आपण विमान चालवतो आहोत असं वाटलं. "मोठा आहे ना," मी म्हणालो, "म्हणजे दोन्ही डोकी मावणारच." बायकोनं मागं जाऊन त्या साध्या मॉनिटरचा पडदा परत एकदा गोल फिरवून बघितला. तेव्हाच मी तिकडे बघायला हवं होतं.

खोकं रिक्षात आडवं घातलं तर दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. कळंबोलीच्या सर्कलला ट्रक थांबून आम्हाला वाट देत होते. एका हवालदारानं तर मला सलाम केला. त्याला वाटलं असणार, नव्या विमानतळाच्या एखाद्या विमानाचा पंख चाललाय.

दुकानात तो टेबलावर मावेना. उजवं टोक बोळात बाहेर गेलं आणि जाणारी-येणारी माणसं त्याला वळसा घालू लागली. मी बॅनर उघडला. पिवळा पिवळा दिसला, डोळ्यांत पाणी आलं. मग खरी गंमत कळली. बॅनर उभा आणि पडदा आडवा. अख्खा बॅनर दिसायला हवा तर मधोमध पडवळासारखी एक पट्टी, दोन्ही बाजूंना ओसाड माळ, आणि त्या पट्टीत नातेवाइकांची डोकी मटकीएवढी. मोठं करून बघावं तर वरच्या ओळीतले काका दिसले की खालच्या ओळीतले मामा गायब. एवढं सगळं करून मी परत त्याच फटीशी येऊन बसलो होतो, फक्त फट आता फार रुंद होती.

चौथ्या दिवशी मावशी आली. टोपली खाली ठेवली, पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"ह्यो आडवा कशाला?"

"असाच असतो, मावशी."

"बॅनर उबा नं?"

"उभा."

"मंग ह्याला बी उबा करा. मासलीचा जाला आमी काय पान्यात कसाबी सोडतंव?"

स्टँड फिरत नव्हता. फिरणारा स्टँड त्या साध्या मॉनिटरला होता, पण ती आठवण मी गिळली. स्क्रू काढले, मॉनिटर उभा करून कपाटाला टेकवला आणि मावशीनं टोपलीची दोरी काढून होडी खुंट्याला बांधतात तशी गाठ मारून तो कपाटाला आवळला. अशी गाठ की पुढं ती सोडवायला कपाट कापावं लागलं असतं, म्हणून ती अजून तशीच आहे. सेटिंगमध्ये जाऊन मी चित्र फिरवलं. बॅनर वरपासून खालपर्यंत उभा राहिला. फक्त पडदा वळणदार असल्यामुळे वरची देवी अंगावर झुकली होती आणि खालचे शुभेच्छुक पाया पडायला पुढं सरकले होते. पण मधली ओळ सरळ होती. मी काका आणि मामा, दोघांना मधल्या ओळीत घेतलं.

आयुष्यात पहिल्यांदा ती दोन डोकी मी शेजारी शेजारी पाहिली. मला वाटलं झालं. मावशीला वाटलं नाही. तिनं टोपलीतून एक सुका बोंबील काढला आणि पडद्याला लावला. काका कपाळापासून हनुवटीपर्यंत एक बोंबील. मामा, एक बोंबील उणे शेपटी.

"वाडवा," ती म्हणाली.

मी वाढवलं. तिनं परत बोंबील लावला. असं अकरा वेळा. शेवटी दोघंही भरले एक बोंबील, शेपटीसकट. त्यानंतर पनवेलमधल्या सगळ्या मांजरी महिनाभर माझ्या दुकानात येऊन त्या पडद्यासमोर बसत होत्या, आणि एकीनं तर काकांना चाटलंही.

हळदीच्या दिवशी दुपारी मी मोऱ्याला गेलो. मावशीनं बजावलं होतं, तुमी हजर पायजे. लाँच आली. पांढरा सदरा, हातात छत्री, मामा उतरले. चार पावलं चालून बॅनरसमोर थांबले. मामांनी छत्री उचलून हातभर अंतरावर धरली, एक डोळा मिटला आणि आधी काकांचं डोकं मापलं, मग आपलं. मग परत काकांचं.

"डोका सारका हाय," ते म्हणाले. मी श्वास सोडला. "मिशी त्याची मोटी."

मी श्वास परत घेतला. बांबूच्या मागून काका बाहेर आले. ते मघापासून तिथंच उभे होते.

"मिशी नं? चल न्हाव्याकं. तू सांगशील तवरी कापतो."

"आनि मागच्या टायमाला भोपला झालावतास, तवा?"

"मी सांगितला होता, माजा भोपला करा म्हनून? ह्यानं केला." काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मामांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ह्यो काय तो?"

"ह्योच."

मग तीन वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेली ती दोन माणसं खांद्याला खांदा लावून घराकडे निघाली आणि वाटेत माझ्या सात पिढ्यांचा हिशेब करत गेली. एक थांबला की दुसरा सुरू करायचा.

मी मावशीला म्हणालो, "बघा मावशी, मॉनिटर कामाला आला की नाही."

"आला तर. चांगला हाय टीवी तुमचा," ती म्हणाली आणि हळदीचं ताट उचलताना माझ्याकडे न बघता पुढं बोलली, "पन भावाला मी ह्याच लाँचनं बोलावला. ती मानसा उतरवून लगेच परतते, आनि आता ओहोटी लागली. पानी उतरल्याव लाँच लागत नाय. रुसला असता तरी जाता कुटं?"

मी वळून पाहिलं. लाँच निघून गेली होती आणि जेट्टीच्या खाली चिखल उघडा पडायला लागला होता. घरातून काका आणि मामांचा आवाज येत होता, अजून माझ्याबद्दलच, आणि दोघांचा अगदी सारखा चढलेला.