सगळ्यांचा नंबर एक

हॅलोमावशींनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा जोडल्या. निवृत्त झाल्यावर माणसं विश्रांती घेतात. मावशींनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घेतला. स्वतःचा सेट, स्वतःची अँटेना आणि मध्ये कुठलीही कंपनी नाही. आपला आवाज आपणच पोचवायचा, हे त्यांना फार आवडलं.

त्यांच्या क्लबची व्हीएचएफची स्पर्धा वर्षातून एका रविवारी असते, सकाळी आठ ते बारा. या लहरींचा पल्ला बेताचा, मध्ये उंच काही आलं की संपलं. जास्तीत जास्त लोकांशी संपर्क करायचा आणि प्रत्येकाला आपला आकडा सांगायचा. पहिल्या संपर्काला एक, दुसऱ्याला दोन. समोरच्याचा आकडा चुकीचा लिहिला की तो संपर्क बाद.

याच नियमापायी मावशींचं क्लबातल्याच लेथवाल्यांशी बिनसलं होतं. खरं तर मावशींच्या गच्चीवरचा अँटेनाचा खांब लेथवाल्यांनीच स्वतःच्या वर्कशॉपमध्ये घडवलेला. अकरा वर्षांपूर्वी स्पर्धकांच्या संपर्काच्या वह्या तपासायचं काम मावशींकडे होतं. लेथवाल्यांना खरखरीत ‘सत्तर’ ऐकू आलं ते ‘सतरा’, आणि त्यांनी सतरा लिहिलं. मावशींनी ती ओळ कापली. एका संपर्काने त्यांचा कप गेला. त्या दिवसापासून लेथवाले मिठाची गुळणी धरून बसले. मावशीही काही कमी नव्हत्या, नियम म्हणजे नियम!

तेव्हा आकडे सत्तरीपर्यंत जायचे. आता डझनावर अडायचे. म्हणून क्लबने यंदा सांगून टाकलं होतं, एकाचेही वीस संपर्क झाले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून स्पर्धा बंद. आठवडाभर मावशींनी सगळ्यांना फोन केले. जो तो म्हणाला, “बघतो.” लेथवाल्यांना तेवढा फोन केला नाही.

रविवारी गुडघ्याला पट्टा बांधून त्या गच्चीवर बसल्या. खांब फिरवायला सून होती. एरवी ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. लिफ्टची मोटर सुरू झाली की सेटमध्ये नुसता घरघराट, आणि पश्चिमेला नवी इमारत छातीवर बसल्यासारखी उभी. दहापर्यंत नेहमीचे नऊ जण मिळाले. पुढे अर्धा तास चिटपाखरू नाही.

मग एक आवाज आला. “माझा नंबर एक.”

थोड्या वेळाने दुसरा. त्याचाही एक. तिसऱ्याचाही एकच.

“आळशी मेले!” मावशी करवादल्या. “अकरा वाजायला आले आणि यांचा एक! झोपले होते का?”

“आई, एक म्हणजे तुम्ही त्यांच्या पहिल्याच ना?” सून म्हणाली. “अहो, तुमच्यासाठीच बसलेत ते.”

मग आकड्याबरोबर एकेकाचं कळत गेलं. एकाने माळ्यावरून सेट काढला होता. एकाने कपडे वाळत घालायच्या काठीला तार बांधली होती. एक जण तापात होता, तरी आकडा सांगून मगच पडला. ‘बघतो’ म्हणणाऱ्यांना आपण किती नावं ठेवली, हे आठवून मावशींना स्वतःचीच लाज वाटली आणि त्या माणसांबद्दल मन भरून आलं.

बाराला सात मिनिटं असताना एकोणीस झाले. मावशी हाका मारत राहिल्या. सुनेने खांब पश्चिमेकडे फिरवला, आणि खरखरीतून कोणीतरी बोललं. तेवढ्यात लिफ्ट सुरू झाली.

“थांबव तिला!”

सून धावली. लिफ्ट वर येताच तिने दारात स्वतःची चप्पल अडकवली. घरघर थांबली.

“लेथवाला बोलतोय. माझा नंबर एक.”

मावशींनी वहीत एक लिहिला. “तुमचा एक मिळाला. माझा वीस.”

“वीस की तीस? फोडून सांगा.”

“दोन, शून्य.”

“दोन, शून्य. नीट लिहिलंय हो. या वेळी कापू नका.”

एवढ्यावर पुढे जायचं असतं, स्पर्धेत गप्पा मारत नाहीत. मावशींनी तरी बोलायचं बटण दाबलं. “लेथवाले, फार उपकार झाले. मी तुम्हाला साधा फोनही केला नाही. तुम्हाला कळलं कसं?”

“दर वर्षी ऐकतो. आजही आठपासून तुमचे संपर्क मोजत बसलोय. एकोणिसावर अडलात, मग राहवेना.”

खालून लिफ्टसाठी आरडाओरडा चालला होता. सून एका पायात चप्पल घालून गच्चीच्या दारात उभी राहिली. “झाले का वीस?”

मावशींनी डोळे पुसत मान हलवली आणि पुन्हा बटण दाबलं.

“पुढच्या वर्षी आठलाच या. तुमचा एक मला पहिला हवाय.”

“येतो,” लेथवाले म्हणाले. “पण सत्तर झाले, की फोडून सांगायचं.”