माजी झालेले भाऊ

पुढाऱ्याच्या पीएकडे फायली कमी आणि किस्से जास्त साचतात. फायली रद्दीत टाकता येतात, किस्से कुठं टाकणार? वसंतभाऊंचा मी सोळा वर्षं पीए आहे. ते दोनदा आमदार झाले, तिसऱ्यांदा पडले, मग त्यांनी ‘कुटुंब मंच’ काढला. त्यातले हे थोडे.

*

निकालानंतर अमरावतीच्या बंगल्यावर सामसूम झाली. तरी भाऊ सकाळी सहालाच कडक इस्त्रीचे कपडे घालून बैठकीत हजर. आठवडाभर कोणी फिरकलं नाही. भाऊ खुर्चीतून खिडकीशी, खिडकीपासून फाटकाशी, बूड टेकवतील तर शप्पथ.

एका दुपारी मला म्हणाले, "तुह्या मोबाईलवरून मले एक फोन लाव बरं. लागते का पाहू."

मी लावला. त्यांच्या हातातला फोन वाजला. समोरच उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहत त्यांनी तो उचलला.

"बोला, काय काम हाय?"

*

मंचाचं मूळ मोर्शीतलं. तिथल्या एका संत्रा बागायतदाराची मुलगी घरी न सांगता लग्न करून गेली होती. तो माणूस भाऊंपुढं तासभर रडला. भाऊंनी तिथंच ठरवलं, आईबापाच्या संमतीशिवाय लग्न नको, असा कायदा मागायचा.

परतताना त्यांनी गाडी ढाब्यावर थांबवली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच पोटभर जेवले. हात धुताना म्हणाले, "मले वाटलं होतं, आता लोकायले माहं काही कामच नाही."

*

पुढं अकोल्यात कॅफेंविरुद्ध मोहीम निघाली. पडद्याआड कॉलेजची पोरं बसतात, अशी पालकांची तक्रार होती. भाऊ पाच-सहा कार्यकर्ते घेऊन एका कॅफेत शिरले आणि पहिलाच पडदा सरकवला.

आत बाळापूरचे एक रिटायर्ड मास्तर आणि त्यांची बायको. दोघांत एक सँडविच.

मास्तरांनी भाऊंना ओळखलं. अजिबात न गडबडता म्हणाले, "घरी दोन खोल्या अन् आठ माणसं, भाऊ. आमाले बोलाले जागाच नाही."

भाऊंनी पडदा होता तसा लावला. बाहेर येऊन कार्यकर्त्यांना सांगितलं, बाकीचे राहू द्या.

*

गेल्या वर्षी मंचाच्या अकोल्याच्या ऑफिसात बार्शीटाकळीची एक मुलगी आली. पंचविशीची, नर्स. त्याच दिवशी तिचं रजिस्टर लग्न होतं. साक्षीदार तीन लागतात, तिसरा तिच्या बापाच्या धाकानं ऐनवेळी पळाला होता.

भाऊंनी बापाचं नाव विचारलं. तो आमच्याच मंचाचा तालुकाध्यक्ष निघाला.

"मंग माह्याकडं काहून आली?"

"बाबा म्हणतात, भाऊच्या शब्दाबाहेर मी नाही. तुमची सही असली तर ते मले घरात घेतीन."

बापाला विचारलंस का, असं भाऊंनी विचारलं. दोनदा विचारलं, ती म्हणाली. दोन्ही वेळा त्यांनी जेवण सोडलं.

भाऊ उठले. दारापर्यंत गेले, परत आले. मुलगा काय करतो, विचारलं. पुन्हा दारापर्यंत गेले. चार वाजून गेले होते आणि कचेरी पाचला बंद होणार होती. मुलगी घड्याळाकडं बघत होती, मी भाऊंकडं.

शेवटी ते माझ्या टेबलापाशी थांबले.

"माहं आधार कार्ड कुठी ठेवलं रे?"