पाच म्हणजे उत्तम

आमच्या उत्तर मिनेसोटात कुणी "कसं काय?" विचारलं, तर "फार वाईट नाही" एवढंच म्हणायचं. लॉटरी लागली तरी एवढंच. त्याहून जास्त बोलणारा माणूस एक तर परगावचा, नाही तर काहीतरी विकायला आलेला. हे शाळेने नव्याने नेमलेल्या कॅसिडीला कुणी सांगितलं नाही, आणि आर्डिस टॉलेफसनच्या हातची बस जायची वेळ आली.

आर्डिस त्रेसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं शाळेची बस चालवतेय. मी ड्वेन, शाळेच्या गॅरेजमधला मेकॅनिक. तिच्या हाताखाली ना बस बिघडते, ना पोरं.

कॅसिडी आली कॅलिफोर्नियाहून. शाळेतल्या सगळ्यांचं मन सांभाळायचं, हे तिचं काम. पोरगी गोड, पण उत्साह इतका की समोरच्याला दम लागावा. तिने आमच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घातलं. रोज सकाळी मन कसं आहे ते एक ते दहामध्ये सांगायचं आणि मध्येच घंटा वाजली की श्वासाकडे लक्ष द्यायचं. मी जरा उथळ माणूस, रोज सहा दाबायचो. नात झाली त्या दिवशी सात दाबला आणि दिवसभर कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. आर्डिस रोज न चुकता पाच. आमच्याकडे पाच म्हणजे उत्तम.

अ‍ॅपने तिला लाल रंगात, म्हणजे खचलेल्यांच्या यादीत टाकलं. एका मंगळवारी कॅसिडी गॅरेजमध्ये आली आणि तिने सगळ्यांदेखत आर्डिसचा हात हातात घेतला.

"आर्डिस, अठ्ठावीस दिवस तुम्ही एकट्या सोसताय. सोमवारपासून महिनाभर रजा घ्या. पगारी. बस दुसरं कुणीतरी चालवेल."

"अहो, मी बरी आहे."

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून कॅसिडीनेच डोळे पुसले.

बातमी गावभर झाली. दोन दिवसांत आर्डिसच्या दारात तीन हॉटडिश येऊन पडले. बटाट्याचे गोळे लावलेलं हे भाजलेलं जेवण आमच्याकडे मयताच्या घरी पोचवतात. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली.

"ड्वेन, महिनाभर घरी बसून मी काय करू? फ्रिजचा आवाज ऐकू?" तिने विचारलं. आर्डिस घाबरली होती. एकतीस वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं, आणि मलाही वाईट वाटलं.

"अगं, मग नऊ दाब की!"

"खोटं बोलू? तेही मशीनशी?"

शेवटी गुरुवारी तिने जीव मुठीत धरून आठ दाबला. अ‍ॅपने लगेच कॅसिडीला कळवलं की एवढी अचानक उडी हे जास्त काळजीचं लक्षण आहे. माझ्या अकलेचे दिवे! शुक्रवारी सकाळी कॅसिडी रजेचा कागद घेऊन आर्डिसच्या मागच्याच सीटवर येऊन बसली. हीटर आवाज करतोय, अशी थाप मारून मीही पलीकडच्या रांगेतल्या दुसऱ्या सीटवर बसलो.

एक्केचाळीस पोरं, एक्केचाळीस तऱ्हेचा गोंगाट. धान्याच्या कोठारापुढे रेल्वेचे रूळ आले. आर्डिसने बस थांबवली, दोन बोटं वर केली. गोंगाट कापल्यासारखा थांबला. तिने दार उघडलं, बाजूची खिडकी सरकवली आणि कान दिला. शून्याखाली वीस अंशांची हवा आत शिरली. कुणी हललं नाही.

तेवढ्यात कॅसिडीच्या खिशातून घंटा वाजली आणि गोड आवाज आला, "आता श्वासाकडे लक्ष द्या."

"श्श्श!" एक्केचाळीस तोंडं एकदम तिच्याकडे वळली.

पहिल्या सीटवरची एक चिमुरडी पुटपुटली, "आता पहिल्यापासून."

आर्डिसने पुन्हा बोटं वर केली. पुन्हा पहिल्यापासून. कॅसिडीने गडबडीने फोन बंद केला आणि मांडीवर हात ठेवून पोरांसारखी गप्प बसली.

दार लागल्यावर तिने हळूच विचारलं, "ही कुठली पद्धत?"

"कायदा," आर्डिस म्हणाली. "शाळेच्या बसने रुळांपाशी थांबून गाडी येतेय का ऐकायचं."

"आणि गाडी कधी येते?"

आर्डिसने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. लाइन बंद झाली, इथे थांबायची गरज नाही, अशी पाटी लागून नऊ वर्षं झाली होती. ती पाटी कुणी वाचायचं नाही, ठाऊक होती ती आम्हा दोघांनाच.

"नाही येत," ती म्हणाली. "नऊ वर्षांत एकही नाही."

"मग थांबता कशाला?"

बस शाळेशी पोचली, पोरं उतरली. मग आर्डिस स्टिअरिंगकडे बघतच म्हणाली, "माझा नवरा रॉजर गेला, त्याला चार वर्षं झाली. पुरून आलो, दुसऱ्या दिवशी बस काढली. ज्याला त्याला विचारायचं होतं, कशी आहेस. फक्त तिथे, रुळांपाशी, बसमधल्या कुणीही काही विचारलं नाही. नुसते माझ्याबरोबर बसले. त्यावर मी जगले."

कॅसिडीचं तोंड उघडलं. प्रश्न ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला. तिने तो गिळला. रजेच्या कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि आर्डिसशेजारच्या पायरीवर नुसती बसून राहिली.