पाणी लावलंत का?

डागवाले काका आधी कपड्याकडे पाहतच नसत, गिऱ्हाइकाचे हात पाहत. शहापूरच्या बाजारात त्यांचं ड्रायक्लीनिंगचं अरुंद दुकान होतं. काउंटरवर पिशवी ठेवायच्या आत चष्म्यावरून प्रश्न यायचा, "पानी लावलंत का?" भलीभली माणसं तिथे चाचरायची. मी तर मूळचीच भित्री.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी, धाकट्या दिरांच्या लग्नात सासूबाईंनी मला स्वतःचा शालू नेसायला दिला. मांडवाला बांधलेल्या केळीचा चीक पदरावर गळला. ओला होता तोवर दिसलाही नाही, घरी येईपर्यंत तपकिरी झाला. मी न्हाणीघराची कडी लावून साबणाने खसाखसा घासला, तर तो आणखीच पसरला. सासूबाई शालू कधी मागतील या धास्तीने घास उतरेना. आमच्या मुरबाडात सगळे ओळखीचे, म्हणून माहेरी जाते असं सांगून शहापूर गाठलं.

सोललेली बोटं पिशवीआड लपवत मी म्हणाले, "चहा सांडला."

काकांनी पदर उजेडात धरला. "चहा नाय हा. खोटं सांगाल तर औषध चुकल, आन् पदर हातात येल."

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. "डागाला भ्यायचं नाय, ताई," ते म्हणाले, "आपल्या घासनाऱ्या हाताला भ्यायचं." आजही कपड्यावर काही सांडलं की मी आधी हात मागे घेते. त्या दिवशी मग त्यांनी पदराच्या आतल्या टोकावर औषधाचा एक थेंब टाकला. रंग उतरतो का ते बघत आम्ही दोघंही श्वास रोखून उभे होतो. त्यांचा हात थरथरत होता, ते पाहून मी जास्तच घाबरले.

आठ दिवसांनी गेले तर शटर बंद. काकांना दवाखान्यात ठेवलंय, असं शेजारच्या दुकानात कळलं. मागच्या गल्लीत त्यांचं घर शोधलं. काकूंनी कागदात बांधलेला शालू आणून दिला. त्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती: "डाग फिका झाला, गेला नाही. सासूबाईंना खरं सांगा."

सांगितलं. सासूबाईंनी डागावरून बोट फिरवलं. "येवढे दिस एकलीच भीत व्हतीस गो?" इतकंच म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात मी पुन्हा शहापूरला गेले. काकूंनी दार उघडलं. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मला काकांना एवढंच सांगायचं होतं, की मी सांगितलं.