अँबेसिडरच्या काचेवरची वाफ

माझ्या लेकीचे, लुंबिनीचे बाबा, म्हणजे आमचे मालक साहेबराव, चाळीस वर्षं लातुरात जुन्या गाड्या दुरुस्त करत आले. डाळ मिलच्या मागं त्यांचं शेड, शेडला लागून आमच्या दोन खोल्या. बॉनेट न उघडता नुसत्या वासावर ते दुखणं सांगायचे. क्लच जळतोय, वायर तापतेय, ऑईल गळतंय. लोक त्यांना नाकवाले मिस्त्री म्हणायचे.

या मार्गशीर्षात शिरूर अनंतपाळचे दयानंद गुरुजी आपली अँबेसिडर घेऊन आले. गाडी त्यांच्या भावानं उत्तरेकडून आणलेली, म्हणून तिला हीटर. 'लातुरात हीटर कशाला?' म्हणून पंधरा वर्षांपूर्वी मालकांनीच त्याच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. इकडं सगळेच मिस्त्री तसं करतात. आता गुरुजींच्या मंडळींना, तारामतीबाईंना, दमा. पहाटे नांदेडच्या दवाखान्याला न्यायचं तर गार हवा सोसत नाही. म्हणून मालकांनी गेल्या महिन्यात नळ्या परत हीटरला जोडल्या. तेव्हापासून हीटर लावला की समोरची काच आतून वाफेनं भरायची.

"लोह्याच्या पुढं मला ट्रकच दिसला न्हाई, साहेबराव," गुरुजी म्हणाले. "आमच्या मंडळी शेजारी बसून काच पुसत होत्या, म्हणून वाचलो."

"गाडी ठेवून जावा. शोधतो."

पहिल्या दिवशी मालकांनी बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडली. उंदरानं काड्याकुड्या भरल्या होत्या, त्या काढल्या. काच तशीच. दुसऱ्या दिवशी पंखा खोलला, थर्मोस्टॅट बदलला. काच तशीच. पायाखालची चटई ओली लागली, तर म्हणाले, गाडी धुतल्याचं पाणी असंल.

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा. माझा उपोसथ, म्हणजे पौर्णिमेचा उपवास होता. बुद्धवंदना आटोपून त्यांचा चहा घेऊन गेले तर म्हणाले, "आत बस, आन् मी म्हनलं की पंख्याचं बटन दाब." मी दाबलं. तोंडावर गरम वारा आला आणि त्यासोबत गुळाच्या पाकासारखा गोडसर वास.

"कायतरी गोड वास येतोय बघा."

ते बॉनेटमागून हळूच पुढं आले. "गोड? नक्की?"

"लई येतोय. परवा शेड झाडतानाबी येत होता. तुम्हाला आला न्हाई?"

त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. बोट चिकट झालं. "कूलंट हाय, रेडिएटरमधलं गोड पाणी," ते म्हणाले. "पंधरा वर्षं कोरडं पडून हीटरचं छोटं रेडिएटर सडलंय, त्यातनं गळून वाफ होतेय. मी न तपासता नळ्या जोडल्या." मग गाडीच्या उघड्या दारातच बसले. "मला कशाचाच वास येत न्हाई, पंचशीला. कोरोनाचा ताप आला तवापासनं."

चार वर्षं! करपलेली आमटी हा माणूस मुकाट्यानं खायचा आणि मी समजायचे, माझं मन राखतात.

सांजच्याला गुरुजी आले. मालकांनी नळ्या हीटरपासून काढून पुन्हा एकमेकींना जोडल्या होत्या, काच लख्ख होती.

"काय ओ, शेवटी नाकानंच शोधलं न्हाई का?" गुरुजी हसले.

रोज मुसावादाचं, खोटं न बोलण्याचं शील घेणारी मी, तेव्हा गप्प बसायला तयार होते. मालकांनी नुसतं 'व्हय' म्हणावं, एवढंच मला वाटत होतं.

"न्हाई गुरुजी. हिनं शोधलं. माझं नाक गेलंय."

गुरुजी हसायचे थांबले. हळू आवाजात विचारलं, "मग पेट्रोल गळलं तर?"

मग गुरुजींनी मालकांच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हातानं किल्ली घेतली. "लई केलंत, साहेबराव. आता आराम करा." त्यांच्या बोलण्यात तिळाएवढा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

गाडी गेल्यावर मी म्हणाले, "मी हाय की. वास मी सांगत जाईन."

"तू किती गाड्यांखाली शिरशील, येडे?"

दुसऱ्या दिवशी एकजण जीप घेऊन आला. त्याला त्यांनी दारातूनच दुसऱ्या गॅरेजचा रस्ता सांगितला. मग नळावर बसून कितीतरी वेळ साबणानं हात धुतले आणि ओले हात माझ्या नाकाजवळ धरले.

"गेला का वास?"

"न्हाई गेला. ऑईलचा येतोय अजून."

त्यांनी हात मागं घेतले नाहीत. "आजून एकदा बघ," म्हणाले.